शिसं कुठं जातं?

(सांगलीत एअरगन नेमबाजी शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका फॅब्रिकेशन व्यावसायिकाने दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार. मागच्या रांगेतल्या मुलांनो, जरा पुढं सरका. दाखवायच्या वस्तू लहान आहेत.

निघताना घरातल्या ओट्यावरून दोन वस्तू मागून आणल्यात. हे उलथणं आणि ही पळी. भांडी विसळताना तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, नळाच्या धारेखाली उलथणं धरलं की पाणी पात्यावर आपटून कडेकडेनं पसरतं. पळी धरली की तेच पाणी वळून तुमच्याच अंगावर येतं. नळ तोच, धार तीच. शिशाचा छर्रा लोखंडावर आपटतो तेव्हा असंच होतं. तेव्हा लोखंडी टार्गेट करायला घेतलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, आपटल्यावर शिसं कुठं जाणार? आणि माझा पंधरा वर्षांचा अनुभव असा, की याचं उत्तर प्लेटपेक्षा जास्त तिचा स्टँड देतो.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत काम करतो. गेट, ग्रिल, ट्रॉल्या, शेड. नेमबाजीशी माझा संबंध आला तो पुतण्यामुळं. आठवीत होता, एअरगन शिकायला लागला होता, आणि कागदावर मारून कंटाळला होता. "काका, आवाज येणारं काहीतरी करून द्या," म्हणाला. मी भंगारातली एक जाड प्लेट घेतली, चौकोनी पाइपला उभी वेल्ड केली, पाइप जमिनीत गाडला. दिसायला झकास झालं. ओळंब्यात सरळ, एक सूतही फरक नाही. तिसऱ्या की चौथ्या छर्ऱ्याला पोरगा "आई गं" म्हणून खाली बसला. डाव्या डोळ्याखाली, हाडावर, रक्ताचा एक थेंब. चष्मा घातलेला नव्हता. छर्रा त्याच्या पायाशीच पडला होता, टिकलीएवढा चपटा झालेला. मी तो उचलला तेव्हा अजून कोमट लागला. बोटभर वर लागला असता तर काय, हा विचार आजही येतो. चूक माझी होती. मी त्याला जी वस्तू करून दिली ती भिंत होती, आणि भिंत चेंडू परत देते.

त्यानंतर मी याच्या मागं लागलो. बाहेरच्या देशात लोक घराघरात असे स्टँड बनवतात, त्यांच्या पद्धती समजून घेतल्या, आपल्याकडच्या मालात बसवून बघितल्या. आज तुमच्यासमोर बोलतोय ते त्यातूनच.

आधी एक स्पष्ट करतो. मी बोलतोय ते एअरगनबद्दल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि आपली मुलं वापरतात ती स्पर्धेची दहा मीटरची रायफल तर याच्याही निम्म्याच्या आत असते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला साधारण १७० मीटर. पॉइंट टू-टूची, म्हणजे काडतुसाची, रायफल वापरणाऱ्यांनी मान्यताप्राप्त रेंजवरच, तिथल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीत मारायचं. माझा घरगुती स्टँड बघून कुणी शेतात तो प्रयोग करू नये.

आता मूळ मुद्दा, झुकाव. प्लेटचं तोंड जमिनीकडं झुकलेलं पाहिजे. म्हणजे वरची कड नेमबाजाकडं पुढं आणि खालची कड मागं. किती? दहा ते वीस अंश. तेवढ्यानं छर्रा वर किंवा मागं न उसळता खाली मातीत जातो. मी घरी याची परीक्षा केली. प्लेटपासून नेमबाजाच्या पायापर्यंत जुन्या पांढऱ्या चादरी अंथरल्या. उभ्या प्लेटवर मारलं तेव्हा चपटे छर्रे चादरभर विखुरलेले, काही तर अगदी पायाजवळ. प्लेट झुकवली आणि बहुतेक सगळे तिच्या पुढ्यात, हातभर जागेत पडले. चादर ही सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा आहे. तुमचा स्टँड झाला की करून बघा.

हा झुकाव वेल्डिंग करूनही देता येतो, पण मला सगळ्यात आवडलेली युक्ती वेगळी आहे. ही बघा. वीस सेंटीमीटर व्यासाची, सहा मिलीमीटरची गोल प्लेट. वजन दीड किलो. मधल्या बिंदूपासून आठ सेंटीमीटर वर, एका रेषेत दोन भोकं. त्यातून समोरून मागं बोल्ट घातलेत. मागं बोल्टवर पाइपचा छोटा तुकडा घातलाय, आणि कडी अडकवलीय ती त्या तुकड्याच्या पलीकडं, प्लेटपासून अडीच सेंटीमीटर मागं. आता मी ही दोन्ही कड्यांना धरून लटकवतो. बघा, आपोआप पुढं झुकली! मी कुठं हात लावला नाही. कोणतीही लटकणारी वस्तू आपला भार टांगलेल्या बिंदूच्या बरोबर खाली आणायला बघते. टांगलेला बिंदू प्लेटच्या मागं आहे, म्हणून प्लेटचं पोट मागं सरकतं आणि डोकं पुढं येतं. आठाला अडीच, म्हणजे सतरा अंशांच्या आसपास. पाइपचा तुकडा लांब घेतला की झुकाव वाढतो, आखूड घेतला की कमी होतो. छर्रा लागल्यावर प्लेट हलते, आणि परत त्याच कोनात येऊन थांबते. वेल्ड केलेला कोन एकदा वाकला की वाकला.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा घ्या, वरच्या कडेवरून दोरी सोडा, आणि खालची कड दोरीपासून किती मागं आहे ते टेपनं बघा. वीस सेंटीमीटरच्या प्लेटला सहा सेंटीमीटर आले की सतरा अंश झाले. सरावाच्या आधी दर वेळी हे करायचं. अर्धा मिनिट लागतं.

बोल्टबद्दल थोडं सांगतो. साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट समोर ठेवू नका. त्याच्या कडांवर छर्रा कुठूनही कुठंही जातो. कॅरेज बोल्ट घ्या, गोल गुळगुळीत डोक्याचा, ज्याच्या मानेला चौकोन असतो. त्यासाठी भोक कानशीनं चौकोनी करावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. मागं नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यानं सैल होत नाही.

वरती टांगायला बहुतेक जण साखळी वापरतात. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे पुन्हा एक वाकडातिकडा लोखंडी तुकडा, आणि नेम चुकला की तिच्यावरच बसतो. आपल्याकडं यावर सोपा उपाय आहे. पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा किंवा साखर कारखान्यातून निघालेला कन्व्हेयर बेल्ट. दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, खाली फक्त एक कडी ठेवा. ती बरीचशी प्लेटच्या आडोशाला राहते. छर्रा रबरात जिरतो, आणि पट्टी फाटली तर दुसरी लावायची.

तोच विचार उभ्या खांबाचा. खांब लाकडाचा असू द्या. सेंट्रिंगचा उरलेला वासा चालतो, निलगिरीचा तर छानच. खाली लोखंडी बैठकीला चौकोनी खोबण वेल्ड करायची आणि वासा त्यात उभा करायचा. वर आडवा दांडा, झोपाळ्यासारखा. लाकूड मार खातं, झिजतं, बदलतं. ते तेवढ्यासाठीच आहे. बैठक अँगलची करत असाल तर अँगलची धार, म्हणजे बाहेरचा कोन, नेमबाजाकडं ठेवा. नावेच्या नाळेनं पाणी दोन्हीकडं जावं तसा छर्रा बाजूला जातो. अँगल उलटा ठेवला, आतली घळ समोर आली, की पळी झाली.

प्लेट कुठली घ्यावी, असं सगळे आधी विचारतात. एअरगनला पाच-सहा मिलीमीटरची साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची, प्लेट पुरते. शिसं इतकं मऊ आहे की तिच्यावर खड्डा पडत नाही. बंदुकीच्या गोळीला मात्र साधं लोखंड अजिबात चालत नाही. तिथं खड्डा पडतो, खड्ड्याला काठ येतो, आणि पुन्हा पळीचीच गोष्ट. म्हणून रेंजवर साधारण ५०० ब्रिनेल कडकपणाची प्लेट वापरतात. साधं लोखंड त्याच्या पाव भागाच्या आसपास असतं. रेंजवरची ती प्लेट म्हणजे टिपरच्या हौद्याला आणि जेसीबीच्या बकेटला लावतात त्या जातीची.

अशी प्लेट हातात आली तर तिला वेल्ड मारू नका. जुने लोहार विळ्याला पाणी देतात ते तुम्ही पाहिलं असेल. तापवायचं, विझवायचं, मग धारेला कडकपणा येतो. आणि तोच विळा पुन्हा चुलीत पडला तर आपण म्हणतो, पाणी उतरलं. कडक प्लेटचंही पाणी अडीचशे अंशांच्या वर उतरायला लागतं, आणि वेल्डिंगची ठिणगी हजारोंत असते. वेल्डच्या भोवती निळी झाक दिसते ना, ती याचीच खूण. तेवढा भाग मऊ झाला. म्हणून भोक आणि बोल्ट, वेल्ड नाही. गॅस कटरनं कापलेली कडही त्याच कारणानं नको.

बाहेरून तयार स्टँड मागवायची गरज नाही, हे मी मुद्दाम सांगतो. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून लोखंड घडवणं आपल्या जिल्ह्याच्या हाताला माहीत आहे. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल असं शेतकऱ्यांना वाटलं होतं. पुढं काय झालं ते आपल्यासमोर आहे. तुमच्या गावच्या वेल्डरला कागदावर चित्र काढून द्या, तो करेल. फक्त झुकाव त्याला समजावून सांगा. नाहीतर तो आपल्या सवयीनं गुण्यात, सरळ करून देईल, मी केलं तसं.

आपल्या जमिनीचीही एक अडचण आहे. नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. स्टँडचे मागचे पाय रुतले की आडवा दांडा कलतो, आणि वेल्ड केलेला कोन हळूहळू उभा होत जातो. डोळ्याला कळत नाही. २०१९ च्या महापुरात माझे दोन स्टँड पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर बघितलं तर वेल्ड केलेल्या स्टँडची प्लेट चक्क आभाळाकडं तोंड करून होती. लटकती प्लेट चिखलानं माखली होती, पण धुतल्यावर ओळंब्याला पुन्हा सहा सेंटीमीटर. पायाखाली फरशीचे तुकडे टाका, बैठकीवर वाळूचं पोतं ठेवा, आणि पावसानंतर ओळंबा विसरू नका.

पालकांसाठी थोडं निक्षून सांगतो. दहा मीटरच्या आतून लोखंडावर मारायचं नाही. मारणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानंही पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा घालायचा, उन्हाचा गॉगल नव्हे. मागं वाळूच्या पोत्यांची भिंत पाहिजे, कारण प्लेट चुकणार आहे हे धरूनच चालायचं. आणि पोलादी गोल छर्रे लोखंडावर कधीही नाहीत, कितीही झुकाव असला तरी. शिसं आपटून चपटं होतं, त्यात त्याचा जोर संपतो. पोलादी गोळी चपटी होत नाही, सगळा जोर घेऊन परत येते. खरसुंडीच्या यात्रेत फुगे फोडायचा स्टॉल बघितलाय ना? तिथं फुग्यामागं फळी किंवा कापड असतं, लोखंड नसतं.

खाली पडलेलं शिसं ओल्या फडक्यानं गोळा करा, कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. मग हात साबणानं धुवा आणि त्यानंतरच डब्याला हात लावा. लहान भावंडांना तिथं खेळू देऊ नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

मुलांनो, आता तुमच्याशी. शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, २०१० ची म्युनिकची विश्वविजेती. राही सरनोबत दिली, २०१८ चं आशियाई सुवर्ण. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं कांस्य आपण टीव्हीवर बघितलं. या सगळ्यांचा खेळ कागदाचा किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा. दहा मीटर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. लोखंड फक्त लागलं की नाही एवढंच सांगतं, कुठं लागलं ते कागद सांगतो. म्हणून सराव कागदावर, आणि शेवटचे दहा-पंधरा छर्रे लोखंडावर. प्लेटला चुना लावा, लागलं की काळा ठिपका दिसेल. आणि "ठण्ण" ऐकायच्या घाईत गालावरून रायफल उचलू नका. आवाज येईपर्यंत गाल तिथंच.

वीस सेंटीमीटरची प्लेट सोपी वाटायला लागली की लहान करा. बायथलॉन नावाचा बर्फातला खेळ आहे, त्यात ५० मीटरवर लोखंडी टार्गेट असतात. पडून मारायचं ४५ मिलीमीटरचं, उभं राहून मारायचं ११५ चं. आपल्या दहा मीटरला हिशेब केला तर ९ आणि २३ मिलीमीटर. तेवीस म्हणजे साधारण जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याएवढी. ती चकती एकटी टांगायची नाही, तिच्या मागं आणखी एक मोठी, झुकलेली प्लेट पाहिजेच.

बाहेर अंगणात तीन स्टँड ठेवलेत. एक माझा पहिला, उभ्या प्लेटचा, मी तो मोडला नाही. एक वेल्ड केलेल्या कोनाचा, आणि एक लटकता. ओळंबा आणि टेप खुर्चीवर आहे. तिन्ही मोजून बघा, आणि लटकत्या प्लेटच्या मागचा पाइपचा तुकडा काढून, परत घालून बघा, कोन कसा बदलतो ते. पुतण्याही आलाय. प्रश्न असले तर त्याला विचारा, आता तो माझ्याहून चांगले स्टँड बनवतो.