अँटेना कुठे रोखायचा?

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय कळवला तेव्हा दबकत विचारलं होतं, ‘मोबाइलच्या जमान्यात उपग्रह रेडिओबद्दल कोण ऐकणार?’ मी म्हटलं, ज्याच्या मोबाइलला रेंजची एकही काडी येत नाही तो ऐकेल. परदेशात मुख्य रस्ता सोडून दोन दिवस आत गेलं की आपण सगळे त्याच रांगेत उभे असतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. जुलै 2006. नामिबियातलं सेस्रिएम, म्हणजे सोसुसव्लेईच्या तांबड्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना लागणारं फाटक. रात्री थंडी कडाक्याची, आणि माझ्याकडे वर्ल्डस्पेस या कंपनीचा, थेट उपग्रहावरून कार्यक्रम पकडणारा रेडिओ संच. तो मोठ्या डौलानं बाहेर काढला. तळहाताएवढा चपटा अँटेना उघडून दक्षिणेकडे रोखला, कारण जन्मभर उत्तर गोलार्धात राहिलेल्या माणसाचा हात दक्षिणेकडेच जातो. काही नाही. थोडा पूर्वेला, थोडा पश्चिमेला, जरा वर, जरा खाली. पडद्यावरची सिग्नलची पट्टी ढिम्म. अर्ध्या तासानं मी संच बिघडला असं जाहीर करून टाकलं. आमच्या गाडीचा चालक शेकोटीशी बसून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, ‘दुपारी सूर्य कुठे होता ते आठव.’ सूर्य उत्तरेला होता! अँटेना उलटा फिरवला, साठेक अंश वर उचलला आणि खणखणीत आवाजात बातम्या सुरू झाल्या. चालक हसला नाही, हे त्याचे उपकार.

यात चुकलं काय, ते नीट समजून घेऊ, कारण उपग्रह रेडिओचं अर्धं कसब एवढ्यातच आहे. आर्थर सी. क्लार्क यांनी 1945 साली एका लेखात मांडलं होतं की विषुववृत्ताच्या बरोबर वर, एका ठरावीक उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालून बघणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा वाटेल. ही उंची 35,786 किलोमीटर. म्हणजे आकाशात विषुववृत्ताच्या रेषेवर एक दोरी बांधली आहे आणि त्या दोरीवर हे उपग्रह ओळीनं टांगले आहेत, असं समजा. तुम्ही दोरीच्या उत्तरेला असाल तर ती तुम्हाला दक्षिणेला दिसणार, दक्षिणेला असाल तर उत्तरेला. आफ्रिकेसाठीचा ‘आफ्रिस्टार’ 21 अंश पूर्व रेखांशावर होता. सेस्रिएमहून तो जवळजवळ सरळ उत्तरेला आणि चांगला उंच. तोच लंडनहून बघितला तर जेमतेम अठ्ठावीस अंशांवर, म्हणजे शेजारच्या घराचं छप्पर किंवा एखादं झाड आडवं आलं की संपलं. आणखी उत्तरेला सरका, तो खाली खाली उतरत जातो. साधारण 81 अक्षांशाच्या पलीकडे तर भूस्थिर, म्हणजे या दोरीवरचा, उपग्रह क्षितिजाच्याही खाली. ध्रुवाकडे निघालेल्या माणसानं असला संच घरीच ठेवावा.

या लहरी सरळ रेषेत येतात. डोंगर, भिंत, गाडीचा पत्रा, ओल्या पानांची दाट झाडी यांतलं काहीही त्यांना अडवतं. त्यामुळे वाळवंट हे या रेडिओचं माहेर आणि अरुंद दरी हे सासर. घनदाट जंगलाबद्दल मी बोलतच नाही.

आता वर्ल्डस्पेसची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी 1990 साली ही कंपनी काढली. आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि त्याची माहिती गावोगाव पोचवणारं साधन नव्हतं. रेडिओ होता, पण मनोरे शहरांपुरते. मग मनोराच आकाशात नेला तर? ऑक्टोबर 1998 मध्ये आफ्रिस्टार गेला, मार्च 2000 मध्ये आशियासाठी ‘एशियास्टार’. प्रत्येक उपग्रहाचे तीन झोत जमिनीवर पडायचे आणि प्रत्येक झोतात डझनावारी वाहिन्या. डिशची छत्री नको, गच्ची नको, तंत्रज्ञ नको. आपल्याकडच्या काही श्रोत्यांना त्यावरची ‘गंधर्व’ नावाची शास्त्रीय संगीताची वाहिनी आठवत असेल. मागे दोन-तीन माना हलल्या, दिसलं मला.

पण ज्यांच्यासाठी ही कल्पना निघाली त्यांना संच परवडेना, आणि ज्यांना परवडत होता त्यांच्याकडे शहरात इतर करमणूक होती. पुढे बहुतेक वाहिन्यांना कुलूप लागलं. वर्गणी भरा, किल्ली मिळेल, मगच आवाज. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातली सेवा 2009 च्या डिसेंबरअखेरीस थांबली. उपग्रहाला काही झालं नव्हतं, संचालाही नाही. मधला हिशेब बिघडला, आणि हजारो चांगले संच एका रात्रीत मुके झाले. प्रवाशाला मी म्हणून सांगतो, संच विकत घेताना आकाशाची चौकशी करा, त्याहून जास्त ताळेबंदाची करा.

अमेरिकेत हाच धंदा तगला, कारण तिथे तो मोटारीत बसला. 2001 साली एक्सएम कंपनीनं दोन उपग्रह सोडले, नावं ‘रॉक’ आणि ‘रोल’. हे दोन्ही आपल्या त्या दोरीवरचे. प्रतिस्पर्धी सिरियसनं दोरीच नाकारली. त्यांचे तीन उपग्रह लांबुळक्या, कललेल्या कक्षेत फिरायचे, म्हणजे उत्तरेकडच्या गाडीलाही एखादा तरी डोक्यावर उंच सापडावा. एक्सएमची युक्ती मला विशेष आवडते. दोन्ही उपग्रहांवरून तोच कार्यक्रम, पण एकावरून चार सेकंद उशिरा. गाडी पुलाखालून गेली, एकाचा आवाज तुटला, तर दुसऱ्यानं आणलेल्या तुकड्यानं भोक बुजवायचं. ऐकणाऱ्याला पूल कळतही नाही. 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

इथे परदेशी प्रवाशाला एक गोष्ट खटकते. झोत सरहद्द बघून थांबत नाही. अमेरिकेसाठीचा सिग्नल मेक्सिकोच्या उत्तर भागात सांडतोच. पण ज्या मुलखात सेवा विकलेलीच नाही तिथे तो लागला तर नशीब, गेला तर तक्रार करायला जागा नाही. कंपनीच्या नकाशातला गडद रंग हा सौद्याचा असतो, कडेचा फिका रंग कृपेचा.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीत सरकारी एबीसी ही संस्था कॅथरीन, टेनंट क्रीक आणि अॅलिस स्प्रिंग्ज इथून लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, रेडिओ ऐकवायची. 31 जानेवारी 2017 ला ते बंद झालं, रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरी सेवेसकट. कारण खर्चाचं, आणि सांगितलं गेलं की दूरच्या लोकांसाठी ‘वास्ट’ ही उपग्रह सेवा आहेच. आहे, खरंच आहे, दूरदर्शन आणि रेडिओ दोन्ही देते. निवृत्तीनंतर कॅराव्हॅन घेऊन महिनोन्‌महिने भटकणारी तिकडची मंडळी ती वापरतात. पण तिला पाऊण मीटरच्या आसपासची छत्री लागते. गाडी थांबवा, पाय रोवा, होकायंत्र काढा, छत्री फिरवा. संध्याकाळी मुक्कामाला पोचलेल्या माणसाला हे ठीक. दिवसभर गुरांमागे फिरणाऱ्यानं काय करायचं? समुद्रात होडीवर असलेल्यानं? त्यांनी तेव्हा आरडाओरडा केला आणि मला तो रास्त वाटतो. खिशातल्या रेडिओला ‘पर्याय’ म्हणून छत्री देणं म्हणजे चालायची काठी काढून घेऊन पलंग देण्यासारखं आहे.

लघुलहरींची गंमत अशी की त्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून परत जमिनीवर येतात. त्यामुळे डोंगराआडच्या माणसालाही हजारो किलोमीटरवरचं ऐकू येतं. खरखर असते, आवाज वर-खाली होतो, रात्री एक तर दिवसा दुसरी वारंवारता शोधावी लागते. पण आवाज जायला लागला की आधी कण्हतो, तुम्हाला कळतं. अंकीय (डिजिटल) उपग्रह रेडिओ कण्हत नाही. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ आणि एकदम शून्य. वादळाची बातमी ऐकताना हे घडलं तर पोटात गोळा येतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी पटपट सांगतो. हे संच साध्या रेडिओपेक्षा बॅटरी जास्त खातात, आलेल्या अंकांचा आवाज करायला वीज लागते. प्रवासाला निघण्यापूर्वी वर्गणी चालू करून घ्या, किल्ली बसायला सिग्नल लागतो आणि गडबड झालीच तर मदत मागायला फोन. सीमेवर ‘उपग्रह’ हा शब्द जपून उच्चारा. उपग्रह फोनवर काही देशांत कडक बंदी आहे, परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन घेऊन भारतात आलेले परदेशी पाहुणे अडकतात. आपला संच फक्त ऐकतो, बोलत नाही, हे तपासनिसाला दाखवायला माहितीपुस्तिका जवळ असलेली बरी.

आणि हो, फक्त ऐकतो हे स्वतःच्याही लक्षात ठेवा. नामिबियात त्या रात्री जगातली खबर मला मिळत होती, मी कुठे आहे याची खबर जगाला नव्हती. पाय मोडला तर रेडिओ तुम्हाला गाणं ऐकवेल. सुटकेसाठी 406 मेगाहर्ट्झवर हाक मारणारं आपत्कालीन बीकन वेगळं मिळतं, ते घ्या.

मघाशी पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: ‘वर्ल्डस्पेसचा जुना संच घरात पडून आहे, भंगारात द्यावा का?’ थांबा. सुरुवातीच्या काही संचांवर उपग्रहाशिवाय एफएम, मध्यमलहरी आणि लघुलहरींची बटणं होती. माझ्यावर होती. सेस्रिएमच्या त्या अर्ध्या तासात, अँटेना हातात धरून गोल गोल फिरताना, ती मला दिसलीसुद्धा नाहीत. सेवा बंद पडल्यावर दोन वर्षांनी कपाट आवरताना संच हाती लागला, सेल घातले आणि सहज लघुलहरीचं बटण दाबलं. खरखर आली. काटा थोडा सरकवल्यावर त्या खरखरीतून कुणीतरी मला न कळणाऱ्या भाषेत अगदी शांतपणे काहीतरी वाचून दाखवत होतं.