पुढचा कणा

(पुण्यातल्या जीपवाल्यांच्या रविवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं साफसूफ करून.)

मंडळी, कार्डावर विषय छापलाय 'पिकअपला पुढे सॉलिड एक्सल: का, कधी आणि कसा'. पैकी 'का' लगेच उरकतो. इथल्या निम्म्या लोकांच्या दारात जिप्सी नाहीतर जुनी महिंद्रा उभी आहे. सॉलिड म्हणजे अख्खा एक्सल, दोन्ही चाकांना जोडणारी एकच सलग नळी. ती काय असते हे त्यांना मी सांगायचं म्हणजे कोकणात जाऊन नारळ विकण्यासारखं. उरलेल्यांकडे थार आहे. तुमचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. असू दे, चहा तुम्हालाही मिळेल. (हशा)

कावड डोळ्यांसमोर आणा. एक टोक वर गेलं की दुसरं खाली. अख्ख्या एक्सलचं तसंच: एक चाक दगडावर चढलं की ते दुसऱ्याला खाली दाबतं, आणि मधला डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा टायरच्या उंचीवर टांगलेला राहतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं बघतं. रस्त्यावर हे फार सुखाचं, मी नाकारत नाही. पण दगडात चाकं दबली की चासी खाली येते आणि तिच्याबरोबर डिफरन्शियलही येतं, नेमकं दगडाच्या माथ्यावर.

आता माझी गाडी. मी तेव्हा कोलोरॅडोत नोकरीला होतो. टोयोटानं अमेरिकेत 1979 ते 1985 फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकली ती पुढे अख्खा एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे घालून. 1986 च्या मॉडेलपासून पुढे टॉर्शन बारवालं (स्प्रिंगऐवजी पीळ घेणारा दांडा) स्वतंत्र सस्पेन्शन आलं. मी घेतली 1987 ची. हुकलो! पण तिकडे ही उलटी वाट मळलेली आहे. भंगारातून 1985 पर्यंतचा एक्सल आणायचा, पुढचं सगळं कापून टाकायचं आणि पाट्यांवर तो बसवायचा. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा शाफ्ट ज्या बाजूनं निघतो त्याच बाजूला या एक्सलचं डिफरन्शियल असतं. शिवाय डिफरन्शियलमधल्या साडेसात इंची क्राउनच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राच्या, जागी आठ इंची मिळतो. एक्सल तीनेक इंच अरुंद पडतो, त्याला चाकामागे स्पेसरची चकती. एवढं सोपं. मी चार शनिवार-रविवार धरले होते.

सौ. विचारायची, "ही सरळ चालत होती ना?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

गाडी उभी राहिली, झोकात दिसली. हायवेवर ताशी 45 मैलांना एका सांध्यावरून गेली आणि स्टिअरिंग हातात असं थडथडायला लागलं की डॅशबोर्डवरचा गणपती गालिच्यावर आला. अतिशयोक्ती नाही. अक्षरशः थांबावं लागतं, तेव्हा ते थांबतं. पहिल्या गॅरेजनं चाकं बॅलन्स केली. पैसे घेतले. दुसऱ्यानं स्टिअरिंगला डँपर लावला. तीन आठवडे बरं वाटलं. डँपर म्हणजे तापावरची गोळी, ताप कशानं आला ते ती सांगत नाही. तिसऱ्यानं अलाइनमेंट केली आणि कागद दिला. त्या कागदावर कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागच्या कलाचा, आकडा होता, पण अख्ख्या एक्सलवर तो "अ‍ॅडजस्ट होत नाही" म्हणून त्यानं त्याकडे बघितलंच नाही. मीही नाही बघितलं! मी, मेकॅनिकल इंजिनिअर! चार महिने मी लोकांना टायर कंपनीला शिव्या घालताना दिसलो.

शेवटी शेजारचा एक म्हातारा वेल्डर आला. हातात चुंबकवाला कोनमापक. गाडीखाली आडवा झाला, नकलच्या (एक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) माथ्यावर तो टेकवला आणि म्हणाला, "वन." एक अंश. तिथे तीनच्या आसपास हवा होता.

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. तोच कॅस्टर. आणि माझा कुठे गेला? मीच घालवला. गाडी उंच केल्यावर पुढच्या शाफ्टला तिरपा कोन येतो, जॉइंट कुरकुरतो. म्हणून पाट्यांच्या बैठका वेल्ड करताना मी पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचं शाफ्ट जोडायचं तोंड, वर वळवलं, हुशारी म्हणून. पण पिनियन वर वळलं की सबंध एक्सल फिरतो आणि नकलचा माथा पुढे येतो. एकाच नळीची दोन टोकं, एकाचं भलं केलं की दुसऱ्याचं वाटोळं. पाट्याखाली पाचर घालूनही हेच, फक्त उलट. खरा उपाय एकच: नळीवरचं नकलच्या गोळ्याचं वेल्डिंग घासून काढायचं, गोळा फिरवायचा, परत वेल्ड करायचा. म्हणजे सगळं पुन्हा उघडा. आत बर्फील्ड जॉइंट, चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा (मूळ रझेप्पाची कल्पना, तिकडे 'शेप्पा' म्हणतात). माझं आतलं सील गेलेलं होतं, त्यामुळे गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळून राखाडी पिठलं झालेलं. वास विचारू नका. तो शर्ट घरात आला नाही, थेट कचऱ्यात.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. सात मिनिटं? बरं, 'कसा' उरलाय.

भराभर. काढलेल्या पुढच्या सामानातला स्टिअरिंग बॉक्स फेकू नका. जुन्या एक्सलबरोबरचा बॉक्स दांडा पुढे-मागे ढकलतो, हा डावी-उजवीकडे ढकलतो आणि आडव्या लिंकला (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा आडवा दांडा) हाच लागतो. ती लिंक जितकी आडवी तितकं बरं, नाहीतर खड्ड्यात गाडी आपणहून वळते. कॉइल स्प्रिंग घालणार असाल तर पॅनहार्ड रॉड (एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) त्या लिंकला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा. मागच्या एक्सलचं गिअरचं गुणोत्तर 4.10 असेल तर पुढचंही 4.10. ब्रेकची होज लांब घ्या. चाक पूर्ण खाली सोडून मापा, उभ्या गाडीवर नाही. आणि आधी टाके मारा, गाडी चाकांवर उतरवा, कॅस्टर मोजा, मग पक्कं वेल्ड करा. माझे चार महिने या एका वाक्यात आहेत.

'कधी'? इथे, जवळजवळ कधीच नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. अख्खा एक्सल हवाच असेल तर जिप्सी शोधा, जिमनी बघा. दोन्हींना तो कंपनीतूनच आहे. माझी पिकअप नंतर कोलोरॅडोतली इमोजीन पास ही खिंड चढली, 13,114 फूट, यूरेहून टेल्युराइडला. सौ. शेजारी होती. उतरल्यावर म्हणाली, "आता चालते सरळ."

प्रश्न चहाबरोबर घेऊ. टेबलावरचा तो लोखंडी सांधा बर्फील्ड आहे, बॅगेतून आणला. विमानतळावर साहेबांनी विचारलं काय आहे, मी म्हटलं सांधा. म्हणाले कुठला, गुडघ्याचा? (हशा) हात लावून बघा, फिरवा. पांढरा झब्बावाल्यांनी लांबूनच.