तोंड बघून आमिष : दारणेच्या फुगवट्यावर गळ टाकताना

[दृश्य : ओल्या गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवलेले तीन मासे]

हे तीन मासे नीट बघा. डावीकडचा कटला. डोकं मोठं, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेलं. मधला रोहू. त्याचे ओठ जाड आहेत आणि कडेला बारीक झालर दिसते. उजवीकडचा मृगळ, त्याचं तोंड रुंद आणि खाली वळलेलं.

नाशिकच्या मासळी बाजारात हे तिघं एकाच पाटीत पडलेले असतात. पाण्यात मात्र प्रत्येकाचा मजला वेगळा. कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ खुडतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. गळ किती खोल सोडायचा, आमिष किती मऊ ठेवायचं, गोळी केवढी करायची, हे सगळं या तोंडांवरून ठरतं. बाजारातून महागडा मसाला आणण्याआधी एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

[दृश्य : दारणा धरणाचा फुगवटा, सकाळची वेळ, काठाला बाभळी]

हा दारणेचा फुगवटा, इगतपुरी तालुक्यातला. दारणा धरण 1916 सालचं. गोदावरीवरचं गंगापूर धरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1965 मध्ये पूर्ण झालं. ही धरणं शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली. त्यातले कटला, रोहू, मृगळ मात्र बहुतेक माणसाने सोडलेले आहेत.

कारण हे तिघं साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, चढती नदी लागते. पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन घडवून आणलं. आज धरणात जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात, ती त्या कामाचं फळ आहे. 10 जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

गळ टाकणाऱ्याला यातून एक मोलाची गोष्ट मिळते. मत्स्यबीज केंद्रात या पिल्लांना वाढवतात ते शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांवर, साधारण समप्रमाणात. तेव्हा कार्पसाठी, म्हणजे कटला-रोहू-मृगळाच्या कुळातल्या माशांसाठी, आमिष शोधायचं तर सुरुवात तिथूनच करावी. इगतपुरीत भात पिकतो, कोंडा गिरणीत मिळतो. पेंड कोणत्याही पशुखाद्याच्या दुकानात मिळते.

[दृश्य : परातीत पेंड कालवणारे हात, जवळून]

पेंड आधी खलबत्त्यात कुटून चाळून घ्यायची. खडा राहिला तर गोळी तिथूनच फुटते. तव्यावर मंद आचेवर परतायची, तेलाचा वास सुटला की उतरवायची. त्यात तेवढाच कोंडा, आणि दोन्ही मिळून जेवढं होईल त्याच्या निम्मी कणीक. वरून गुळाचं कोमट पाणी थोडं थोडं घालत मळायचं. पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल झालं की थांबायचं. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं.

आता परीक्षा. एका बादलीत पाणी घ्या आणि बोराएवढी गोळी सोडा. पाण्यात पडताच विरली तर कणीक कमी पडली. अर्ध्या तासाने जशीच्या तशी राहिली तर कणीक जास्त झाली. दहा-पंधरा मिनिटांत कडेने हळूहळू सुटत जावी आणि मधला गाभा गळावर टिकून राहावा. त्या सुटणाऱ्या कणांमागेच मासा येतो.

हिंग, बडीशेप, मेथी, व्हॅनिला, ज्याचा त्याचा मसाला वेगळा. काठावर यावरून जेवढे वाद होतात तेवढे दुसऱ्या कशावरूनच होत नाहीत. वासाचा उपयोग आहे, पण चिमूटभरच. डबाभर इसेन्स ओतलेल्या गोळीपेक्षा ताज्या पेंडीची साधी गोळी मला कधीही भरवशाची वाटते. शिळी, खवट पेंड तर घरीच ठेवावी.

कटल्यासाठी हेच मिश्रण आणखी सैल करायचं आणि तारेच्या छोट्या स्प्रिंगवर लिंबाएवढं दाबून बसवायचं. त्याच्या कडेने छोटे गळ. ते पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली दोन-तीन फुटांवर लटकत ठेवायचं. गोळा विरतो, पाण्यात त्याचा ढग होतो, आणि कटला तो ढग गाळून खाता खाता गळही आत ओढतो. तळाला बसलेल्या गोळीकडे कटला सहसा वळत नाही. कटल्यासाठी गळ तळाला सोडून दिवसभर बसणारे इथे रोज दिसतात, आणि वाईट वाटतं.

रोहूचं तोंड नाजूक. तो गोळीला नुसते ओठ लावतो, सोडतो, पुन्हा येतो.

[दृश्य : पाण्यावरचं बूच, शेजारी एक काका आणि पुतण्या]

“काका, हललं! ओढू का?”

“थांब रे. टिचक्या मारतोय नुसत्या. बूच आडवं होऊन चालायला लागलं ना, मग उचल.”

एवढा एकच धडा शिकायला पुष्कळांची वर्षं जातात. तो काठावर, असा शेजारी बसूनच शिकता येतो.

[दृश्य : सोनेरी झाक असलेला मासा, तोंडाजवळच्या मिशा जवळून]

आणि हा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. तोंडाच्या कडेला दोन जोड्या मिशा, त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी. गाळात काही दिसत नसलं तरी खाणं कुठे आहे ते याला मिशांनीच कळतं. हा परका मासा. 1939 मध्ये त्याची एक जात श्रीलंकेतून निलगिरीत आणली, आणि 1957 मध्ये थायलंडमधून दुसरी, मैदानातल्या उबदार पाण्यात रमणारी. हा साचलेल्या पाण्यातही वितो. अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना चिकटून राहतात.

सायप्रिनसच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत. तो खाणं चोखून आत घेतो, पारखतो, संशय आला की फुंकून बाहेर टाकतो. हे सगळं क्षणात होतं, आणि वर बूच हललेलंही दिसत नाही. यावर 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी तोड काढली, तिला हेअर रिग म्हणतात. आमिष गळात खोवायचंच नाही. गळाच्या दांडीपासून केसासारखा बारीक दोरा सोडायचा आणि आमिष त्या दोऱ्यावर ओवायचं. मासा आमिष चोखतो, मागोमाग मोकळा गळ आत जातो, आणि फुंकताना त्याचं टोक खालच्या ओठात रुततं.

तिकडे या दोऱ्यावर बॉयली लावतात. पीठ आणि अंडी मळून उकडलेल्या गोळ्या, वरून टणक झालेल्या, म्हणजे बारीक मासे टोचून संपवत नाहीत. आपल्याकडे तेच काम मका करतो. येवला, निफाड, मालेगावकडे मक्याला तोटा नाही. वाळलेले दाणे पूर्ण एक दिवस भिजवायचे, मग बोटाने दाबले जातील इतके उकडायचे. कच्चा दाणा कधीही टाकू नका, तो माशाच्या पोटात फुगतो. उकडलेले दाणे त्याच पाण्यात आणखी एक दिवस ठेवले की पाणी चिकट, आंबूस-गोड होतं. दोन दाणे दोऱ्यावर, मूठभर दाणे आसपास, आणि गळ तळाला. सायप्रिनस कुठे आहे ते बुडबुडे सांगतात. गाळ उकरताना बारीक बुडबुड्यांची ओळ वर येते आणि पाणी तिथे गढूळ होतं.

गवत्याला, म्हणजे ग्रास कार्पला, मका चालतो, पण लसूणघासाची कोवळी जुडी पाण्यावर तरंगत ठेवली तर तो अधिक विश्वासाने येतो. चंदेऱ्याच्या, म्हणजे सिल्व्हर कार्पच्या, मागे लागू नका. तो सूक्ष्म शेवाळावर जगतो, गळाला क्वचितच लागतो.

[दृश्य : हिवाळ्यातली दुपार, उथळ काठ]

थंडीत गणित बदलतं. निफाडचा पारा खाली येतो त्या दिवसांत इथल्या पाण्यातही माशाचं पचन मंदावतं. चारा अगदी कमी टाका, गोळी हरभऱ्याएवढी करा, आणि दुपारी ऊन पडलेल्या उथळ कडेला बसा. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ. वारा असेल तर तो ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ धरा, तरंगतं खाणं तिकडेच जमा होतं.

आणि पाय आपटू नका. कार्पच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. काठावरची धडपड त्याला आपल्या अंदाजापेक्षा फार लांबून कळते.

[दृश्य : ओल्या हातांनी मासा परत सोडताना]

परत सोडायचा मासा हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि तिथे बुरशी धरते. तापलेल्या खडकावर त्याला ठेवू नका. सायप्रिनस मात्र पकडलात तर दुसऱ्या तळ्यात किंवा ओढ्यात नेऊन सोडू नका. तो मुळं उकरतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या जुन्या माशांची जागा खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकू नका. बगळ्या-करकोच्यांच्या पायात तो अडकतो आणि ते उपाशी मरतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, ते त्या पक्ष्यांमुळे. तिथे गळ न्यायचाच नाही, ते अभयारण्य आहे.

सुरुंग आणि विष टाकून मासे मारणं तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ते होतं. दिसलं तर पोलिसांना किंवा मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा.

धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. बोटुकली त्यांनी पैसे मोजून सोडलेली असतात, घरं त्यावर चालतात. तेव्हा गळ टाकण्याआधी गावात जाऊन संस्थेची परवानगी घ्या, शुल्क असेल ते भरा आणि पावती जवळ ठेवा. आज कोणत्या कडेला मासा लागतोय, हेही तिथेच विचारा. रोज पहाटे जाळी उचलणाऱ्यांना ते ठाऊक असतं, आणि नीट विचारलं तर ते सांगतात.