धारेच्या आधी

(पहाट. गोठ्यातला पिवळा बल्ब. शेण भरणारे हात.)

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात दिवस असाच उजाडतो. आधी शेण, मग वैरण, मग धार. तिन्ही कामं एकाच माणसाची, म्हणजे त्याच हातांची. या गोठ्यात म्हशी आहेत, एचएफ म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन जातीच्या गायी आहेत. त्यांचं सगळं बघणारं जोडपं मालकाकडं पगारावर आहे.

(नळ. साबण. हात अगदी जवळून.)

हे हात नीट बघा. शेण भरून झालं की कोपरापर्यंत साबण. नखांत ब्रश. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी धार दुसऱ्यानं काढायची. नळ गोठ्याच्या दारातच आहे, म्हणून हे जमतं. लांबच्या आडावरनं पाणी आणायला लागलं असतं, तर साबणाच्या गप्पा फुकट होत्या.

मग कास. सडं धुवायची आणि कोरडी पुसायची, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. एकच फडकं सगळ्यांवरून फिरलं, तर एकीची दगडी, म्हणजे कासेचा दाह, दुसरीला लागायला वेळ लागत नाही. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत. काळ्यावर गाठी, चुरा, पाणचटपणा लगेच दिसतो.

अंगठा मुडपून पिळायची सवय इकडं पुष्कळांना आहे. त्यानं सडाला आतून इजा होते. या जोडप्यातल्या काकू मुठीनं काढतात. बोटांना तेल नाही, थुंकी तर नाहीच.

(चार वाट्यांचं तबक.)

ही लपलेल्या दगडीची तपासणी. चार सडांचं थोडं थोडं दूध, तेवढंच तपासणीचं जांभळं द्रावण, आणि तबक गोल फिरवायचं. तीन वाट्या पातळच राहिल्या. चौथीत बघा, शेंबडासारखी तार धरलीय. वरून कास मऊ, सूज नाही, गाय वैरण खातेय. आत मात्र दगडी सुरू झालीय. आजपासून तिची धार सगळ्यात शेवटी.

(सड आयोडीनच्या कपात.)

धार संपली की प्रत्येक सड बुडवायचं. सडाचं तोंड त्यानंतर अर्धा तास तरी नीट मिटत नाही. तेवढ्यात गाय शेणात बसली, तर जंतूंना वाट मोकळी. म्हणून लगेच पुढ्यात हिरवी वैरण. खाणारी गाय उभी राहते.

एवढा खटाटोप कशासाठी? दगडी टळली की अँटिबायोटिकची ट्यूब टळते. नाहीतर नेहमीचं ठरलेलं: दुकानातून इंजेक्शन आणायचं, एक-दोन दिवस टोचायचं, सूज उतरली की बंद. जे जंतू त्यातून वाचतात, ते पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. शेणातून, दुधातून, न धुतलेल्या हातांतून ते पुढं सरकतात. माणसाच्या अंगात शिरले, की दवाखान्यातही तेच औषध निकामी. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं अँटिबायोटिक. दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांसाठी ते बनवायला आणि विकायला आपल्या देशात 2019 पासून बंदी आहे.

(भिंतीवर खडूनं लिहिलेली तारीख. खुंट्याला लाल फडकं.)

औषधाच्या खोक्यावर इंग्रजी, डेअरीच्या फलकावर कन्नड, आणि धार काढणाऱ्या काकूंना वाचता येतं ते मराठी. म्हणून औषध दिलेल्या गाईचं दूध कधीपर्यंत वापरायचं नाही, ती डॉक्टरांनी सांगितलेली तारीख भिंतीवर मराठीत. ती उलटेपर्यंत या गाईचं दूध कॅनमध्ये जाणार नाही. वासराला पाजायचं नाही, घरी विरजणाला घ्यायचं नाही. तसंही अशा दुधाचं दही कित्येकदा लागतच नाही, हे काकूंना कुणी शिकवलेलं नाही. तापवल्यानं जंतू मरतात, औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो.

(संकलन केंद्र. कॅनची रांग.)

इथं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि ती सोडून बाकीचा घन भाग, बघून दर लागतो. त्या यंत्राला औषध दिसत नाही. आज पावतीवर लिटर कमी आहेत. ते पैसे मालकाचे गेले. गड्याच्या पगारातून कापायचे नाहीत, हे मालक आणि गड्यात आधीच ठरलंय.