डुकरिणीचा पान्हा

श्रोतेहो, नमस्कार. आज डुकरिणीच्या दुधाविषयी बोलू. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती मी पुन्हा म्हणणार आहे: कासेत दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा सुटणं वेगळं.

डुकरीण साधारण ११४-११५ दिवस गाभण असते. तेवढे दिवस प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भ सांभाळतं आणि दुधाला थोपवून धरतं. विण्याच्या तोंडावर ते झपाट्याने उतरतं, प्रोलॅक्टिन चढतं आणि कास भरते. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर काढतं. याच दिवसांत मादी तोंडाने पेंढा ओढून पिलांसाठी घरटं रचते. 'डुक्कर' ही शिवी देणाऱ्यांनी ते एकदा जवळून बघावं. पुरेशी जागा असली तर हा प्राणी झोपायच्या ठिकाणी घाणसुद्धा करत नाही. ती शिवी मला ऐकवत नाही, म्हणून बोललो.

तर, मी नवा पशुवैद्य होतो तेव्हाची गोष्ट. रात्री एका पशुपालकाचा निरोप आला, "डॉक्टर, कास आटली, लवकर या." गेलो. डुकरीण व्याल्याला दीड दिवस झाला होता. मालकांनी माझ्यासमोर सड दाबला. "काल दाबला की चीक यायचा. आज बघा, थेंब नाही." मीही दाबून पाहिला. खरंच थेंब नव्हता. ताप नाही, कास मऊ, खाणंपिणं नीट. तरीही मी ऑक्सिटोसिनची सिरिंज भरली. पिलांचा आक्रोश ऐकवत नव्हता हो.

तेवढ्यात ती कुशीवर वळली आणि हुंकारली. सावकाश, एका लयीत. पिलं धावली, आपापला सड धरून नाकाने कासेला ढुशा देऊ लागली. मिनिटभर नुसत्या ढुशा. मग हुंकार भराभर येऊ लागले. मी मालकांना म्हटलं, "थांबा, बोलू नका." वीसेक सेकंद गेली असतील, आणि सगळा गलका एकदम थांबला. कान मागे, अंग ताठ, आणि बारा तोंडं घटाघटा पिताहेत. मी घड्याळावर मोजलं: सोळा सेकंद. संपलं. पुन्हा ढुशा, पुन्हा किंकाळ्या.

मालक म्हणाले, "म्हणजे दूध आहे?" आहे ना! गायीच्या कासेत दूध साठायला जागा असते, डुकरिणीच्या कासेत ती जवळजवळ नसते. दूध आत बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. ढुशांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटलं, की त्या पिशव्या आवळतात आणि दहा-वीस सेकंद धार लागते. मग पुढचा पान्हा पाऊण-एक तासाने. विताना ऑक्सिटोसिन भरपूर असतं, म्हणून पहिल्या दिवशी सड दाबला तरी चीक येतो. दुसऱ्या दिवशी हाताला काही लागत नाही. दूध तयार होणं वेगळं, पान्हा सुटणं वेगळं.

मग ओरडत कोण होतं? पिलं तेरा, चालू सड बारा. तेरावं पिलू प्रत्येक पान्ह्याला भांडत होतं आणि सगळ्यांचाच सड सुटत होता. त्याच दिवशी व्यालेल्या, आठच पिलं असलेल्या दुसऱ्या मादीपाशी आम्ही ते सोडलं. लगेच सोडलं, कारण न चोखलेला सड थोड्या दिवसांत आटतो आणि त्या वेताला परत चालू होत नाही. भरलेली सिरिंज मी टाकून दिली.

आता थोडक्यात. पान्ह्याच्या वेळी आरडाओरडा, अनोळखी माणसं, मारहाण नको. भेदरलेली मादी पान्हा सोडत नाही. पण ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर, कास दगडासारखी घट्ट आणि गरम, मादी पोटावर झोपून सड लपवते, असं दिसलं तर वाट पाहू नका. त्या आजारात जंतूंचं विष प्रोलॅक्टिनच खाली आणतं, दूध बनायचंच थांबतं. लगेच पशुवैद्य बोलवा. आणि पिलांना पहिल्या चोवीस तासांतच चीक मिळू द्या. वारेतून आईची प्रतिकारशक्ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही, ती चिकातूनच येते.

राहता राहिली ती डुकरीण. पिलं चोखत असेपर्यंत माज दबलेला राहतो. पिलं तोडल्यावर पाचव्या दिवशी मालकांचा पुन्हा निरोप आला, "डॉक्टर, ती माजावर आली."