वंशावळीतलं हे नाव आलं कुठून?

नमस्कार मंडळी. आधी हा कागद बघा.

(नक्कल कॅमेऱ्याजवळ धरून)

आमच्या गावचं खासरा पत्रक, म्हणजे कुठलं रान कुणाचं याची सरकारी नोंद, 1954-55 सालचं. माझ्या बोटाखाली बघा: 'मारोती वल्द सखाराम'. वल्द म्हणजे मुलगा. आडनाव कुठंच नाही. माझे पणजोबा मारोती, त्यांचे वडील सखाराम. ही नक्कल हातात पडली तेव्हा मी तहसीलच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला, पणजोबा सापडले म्हणून. त्याच रात्री भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकला.

पण हे माझे पणजोबा नाहीतच.

सांगितलं कोणी? जिजीनं, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीनं. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी मोठ्या हौसेनं कागद दाखवला, तर तिनं एकच विचारलं, "रान कुठलं लिव्हलंय रे त्यात?" सर्व्हे नंबर घेऊन मी गावाचा जुना नकाशा काढला. रान निघालं ओढ्याच्या पलीकडं. जिजी म्हणाली, "वढ्यापलीकडं आपलं कधीच नव्हतं लेकरा. ती दुसरी भावकी."

एका गावात दोन मारोती, दोघांचेही बाप सखाराम. आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळं सखारामाचा मारोती आणि मारोतीचा सखाराम असं चालूच राहतं. अशा घरात दोन माणसांचा एक माणूस होतो, नाहीतर मधली एक पिढी गळून जाते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नाव जुळलं एवढ्यावर थांबू नका. रान जुळतंय का, चतुःसीमा जुळतात का, भावांची नावं जुळतात का, तेही बघा. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेत, तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा ताळा घेतल्याशिवाय आजच्या सातबाऱ्यावरून मागं जाऊ नका.

आता सालाचं बघू, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, आणि साल फसली, म्हणजे महसुलाच्या कामाचं सन. समजा कागदावर 1325 आहे. हैदराबादच्या फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1915. तिथलं साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून 1915-16 म्हणा. तेच 1325 कुणी हिजरी समजून वाचलं तर 1907 येतं. आठ-नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात धाकटा भाऊ थोरला होतो. उर्दू किंवा मोडी कागद वाचून घ्याल तेव्हा नुसतं मराठी भाषांतर घेऊन येऊ नका. मूळ पानाचा फोटो ठेवा, आणि जमलं तर दुसऱ्या जाणकाराकडूनही वाचून घ्या.

शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरावर लोकांचा फार विश्वास असतो. रजिस्टर खरंच असतं, पण त्यातली जन्मतारीख? आमच्या घरात चौघांची जन्मतारीख 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी लेकराकडं बघून वय ठरवायचे आणि तारीख टाकायचे. म्हणजे ते लेकरू त्या साली त्या शाळेत होतं, याला तो उतारा भक्कम पुरावा आहे. जन्मतारखेला नाही. कुठलाही कागद असाच वाचायचा. लिहिलं कोणी, कधी, आणि सांगणाऱ्याला ते स्वतः माहीत होतं का?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या मला म्हणूनच मोलाच्या वाटतात. आलेला माणूस समोर बसून पिढ्या सांगायचा, कधी स्वतःच्या हातानं सही करायचा. बापाच्या अस्थी घेऊन आला असेल तर बाप त्या तारखेच्या आधी गेला, हे पक्कं. पणजोबाच्या पणजोबाचं नाव मात्र त्यानंही ऐकूनच सांगितलेलं असतं.

आणि बायका. हे मला मनापासून सांगायचंय. जुन्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावायच्या नोंदीत, बाप गेल्यावर मुलांची नावं लागायची, मुलींची बऱ्याचदा लागतच नसत. फेरफारात नाव नाही म्हणून लेक नव्हतीच, असं आपल्या कितीतरी वंशावळ्यांनी मानून टाकलंय. बाईचं नाव सापडलं तरी पुढं 'भ्र.' असतं, भ्रतार, आणि मग नवऱ्याचं नाव. माहेर तिथं तुटतं. ते जोडायला जिजीसारखी माणसंच लागतात.

त्यांना सन विचारू नका, खूण विचारा. पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे 1948 ला निजामाचं राज्य गेलं तेव्हा, तुम्ही केवढ्या होतात? बहात्तरच्या दुष्काळात कडेवर कोण होतं? किल्लारीच्या भूकंपाच्या आधी गेले का नंतर? आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख टाकून उतरवून ठेवा.

जिल्ह्याचं एक ध्यानात असू द्या. जालना जिल्हा 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. लातूरकडचं गाव असेल तर जुन्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद दिसेल. ते बघून 'हे आपलं गाव नाही' म्हणत कागद बाजूला टाकू नका.

2023 पासून कुणबी जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या नोंदींसाठी मराठवाड्यात घरोघरी जुने कागद निघालेत. घाई मी समजू शकतो, लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. पण दुसऱ्याच्या आजोबाला आपला आजोबा करून बसलो, तर त्या घरावरही अन्याय होतो. मी टाकलेला तो फोटो ग्रुपवरून पुढं कुठं कुठं गेला, मला आजही माहीत नाही. दोन चुलतभावांनी तो वंशावळीत छापूनही घेतला होता. मी त्यांच्या घरी जाऊन ती पानं बदलून आलो.

(वंशावळीची वही उघडून)

ही माझी वही. सखारामाचं नाव अजून पेन्सिलीनंच आहे. शेजारी लिहिलंय: 'जिजीनं सांगितलं, कागद नाही.' ओढ्याच्या अलीकडच्या रानाच्या नकलेसाठी अर्ज दिलाय. ती हातात आली की तुमच्यासमोरच उघडतो.