जिभेला सांगता येणार नाही एवढं

श्रोतेहो, नमस्कार.

एक जुनी चित्रफीत आहे. प्रशांत महासागरात एक पाणबुडी वर आलेली, आणि खलाशी एका पोराला ओढून तिच्यावर घेताहेत. पोरगा ओलाचिंब, पाय लटपटताहेत. वय वर्षं 20. नाव जॉर्ज बुश. पुढे 1989 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेच हे थोरले बुश. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमची-माझी मतं काहीही असोत, आज ती बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते नौदलातल्या या पोराबद्दल आणि त्याच्या घराबद्दल.

डिसेंबर 1941 मध्ये जपाननं पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला, तेव्हा तो शाळेतच होता. पुढे दोन-तीन आठवड्यांनी नाताळच्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्याला सोळा वर्षांची बार्बरा दिसली. ओळख झाली, पण तेवढ्यात वाद्यवृंदानं वॉल्ट्झ सुरू केला, आणि वॉल्ट्झ काही याला येईना. मग दोघं बाजूला बसून बोलत राहिली. 12 जून 1942 ला अठरा पूर्ण झाली, आणि त्याच दिवशी यानं नौदलात नाव घातलं. वर्षभरात वैमानिक झाला आणि ‘सॅन जसिंटो’ या विमानवाहू नौकेवर गेला. विमानावर नाव रंगवून घेतलं होतं: बार्बरा.

2 सप्टेंबर 1944. चिचिजिमा बेटावर जपान्यांचं रेडिओ केंद्र होतं, त्यावर बॉम्ब टाकायचे होते. विमानाला गोळा लागला, आत धूर भरला. त्यानं तसाच सूर मारला, बॉम्ब टाकले, विमान समुद्राकडे वळवलं आणि दोन्ही साथीदारांना उड्या मारायला सांगितलं. स्वतः उडी मारताना डोकं विमानाच्या शेपटीवर आपटलं. खाली रबरी तराफा मिळाला, पण वल्हं नाही, आणि वारा तर बेटाकडेच ढकलतोय! त्या बेटावर पकडल्या गेलेल्या दुसऱ्या अमेरिकी वैमानिकांना जपान्यांनी ठार मारलं, हे पुढे उघड झालं. हा हातांनी पाणी कापत राहिला. खारं पाणी पोटात गेल्यानं ओकाऱ्या होत होत्या. सुमारे चार तासांनी ‘फिनबॅक’ पाणबुडी वर आली.

साथीदार मात्र परतले नाहीत. एक टेड व्हाइट, दुसरा जॉन डिलेनी. बुश महिनाभर त्या पाणबुडीतच होता. रात्री ती वर आली की डेकवर पहारा द्यायचा आणि विचार करत बसायचा. आईवडिलांना लिहिलं, त्या दोघांची जबाबदारी माझ्यावर होती असं सारखं वाटतं. त्यांच्या घरच्यांनाही पत्रं गेली. तुमच्यासाठी काही करता येईल का, असं त्यानं डिलेनीच्या बहिणीला विचारलं होतं. तिचं उत्तर आलं: करता येईल. जे झालं त्याला आपण जबाबदार आहोत, हा विचार तेवढा सोडून द्या.

भाऊ गेलेली ती बाई, आणि तिनं हे लिहावं! विचार काही सुटला नाही, हा भाग वेगळा. मीच का वाचलो, हा प्रश्न ते म्हातारपणीही बोलून दाखवत.

6 जानेवारी 1945 ला लग्न झालं, नवरदेव नौदलाच्या गणवेशात. लढाईच्या काळात त्यांनी बार्बराबाईंना लिहिलेली पत्रं घर बदलताना हरवली, एकच उरलं, 12 डिसेंबर 1943 चं. आपल्या साखरपुड्याची बातमी वर्तमानपत्रात बघून झालेला आनंद त्यात आहे. आणि हेही, की आपल्या मुलांना तुझ्यासारखी आई मिळणार, केवढी भाग्यवान ती!

पुढे टेक्सासात तेलाचा धंदा. थोरला मुलगा जॉर्ज, मग रॉबिन, मग जेब. रोज संध्याकाळी घरी असणारे हे वडील नव्हते, सारखी फिरती असायची. घर ओढलं ते बार्बराबाईंनी. कुटुंबवत्सल म्हणताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

1953 मध्ये तीन वर्षांची रॉबिन मलूल दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. दोघांनी तो शब्दच कधी ऐकला नव्हता. घरी न्या, तीन आठवडे काढेल, असा सल्ला मिळाला. त्यांनी तिला न्यूयॉर्कला नेलं, आणि तीन आठवड्यांचे सात महिने झाले. खोलीत कुणी रडायचं नाही, हा बार्बराबाईंचा नियम. तिला रक्त द्यायची वेळ आली की बुश बाथरूमला जाऊन येतो म्हणून बाहेर पडायचे. बार्बराबाईंनी पुढे लिहून ठेवलंय, की आपल्या बाबांचं मूत्राशय जगात सगळ्यात दुबळं आहे असं रॉबिनला वाटत असेल, म्हणून आम्ही हसायचो. पेटलेल्या विमानातून बॉम्ब टाकून आलेला माणूस हा!

11 ऑक्टोबरला ती गेली. आईबाप मोटार घेऊन थोरल्याच्या शाळेत आले. सात वर्षांचा तो, बहीण इतकी आजारी आहे हे त्याला सांगितलेलंच नव्हतं. मागच्या सीटवर रॉबिनचं डोकं दिसल्यासारखं वाटलं, म्हणून तो धावत सुटला.

रॉबिन बाबांना एकदा म्हणाली होती, तुम्ही मला खूप आवडता, जिभेला सांगता येणार नाही एवढं. बुश हे शब्द जन्मभर वापरत राहिले.

2013 मध्ये त्यांच्या सुरक्षा पथकातल्या एकाच्या दोन वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया झाला. उपचारानं त्याचे केस गेले, तेव्हा पथकानं डोकी भादरली. 89 वर्षांच्या बुशनीही भादरून घेतलं. मुलाला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो आहे, दोघांचीही डोकी तुळतुळीत.

एप्रिल 2018 मध्ये बार्बराबाई गेल्या. साक्षरतेसाठी त्यांनी खूप काम केलं होतं. अंत्यसंस्काराला बुश चाकांच्या खुर्चीत आले, पायात पुस्तकांची चित्रं असलेले मोजे घालून.

रॉबिनला आधी कनेटिकटमध्ये पुरलं होतं. 2000 मध्ये तिला टेक्सासात आणलं, बुश यांच्या ग्रंथालयाच्या आवारात, कारण दोघांना तिच्याजवळ राहायचं होतं. अठरा वर्षं ती तिथं एकटी होती. मग आई आली, आणि डिसेंबरात वडील.